फ्लोटिंग प्लांट्स एकत्र ठेवताना पडणारे नेहमीचे प्रश्न (गोड्या पाण्याच्या टँकसाठी)

वेगवेगळी फ्लोटिंग झाडं एकाच टँकमध्ये ठेवली तर चालतात का?

चालतात, पण आपोआप नाही चालत. सुरुवातीला सगळी छान दिसतात, मग हळूहळू एकच जात सगळीकडे पसरते आणि बाकीची कोपऱ्यात पिवळी पडून बसतात. कारण सरळ आहे, पाण्याचा पृष्ठभाग तेवढाच, वरून येणारा लाइट तेवढाच आणि पाण्यातलं खतही तेवढंच. जी जात पटकन वाढते किंवा उंच उठून दुसरीवर सावली टाकते ती जिंकते. तुम्ही दर आठवड्याला हात घालून जिंकणारीला कमी करत राहिलात तरच मिक्स टँक मिक्स राहतो. तेवढा कंटाळा असेल तर सरळ एकच जात ठेवा, तीसुद्धा सुंदर दिसते.

पण ही झाडं एकमेकांना मारायला पाण्यात काही विष वगैरे सोडतात का?

हे बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पिस्टिया म्हणजे वॉटर लेट्यूस आणि हॉर्नवर्ट (पाण्यात वाढणारं एक झाड) यातून निघणारी काही द्रव्यं काही प्रकारच्या शेवाळाची वाढ रोखतात असं लॅबमध्ये दिसलेलं आहे. पण घरच्या टँकमध्ये आपण दर आठवड्याला पाणी बदलतो, त्यात त्याचा परिणाम दिसेल एवढा उरत नाही. फ्रॉगबिट शेजारी साल्विनिया (ही दोन्ही फ्लोटिंग झाडंच) मेला तर आधी लाइट, खत आणि जागा बघा, बहुतेक वेळा कारण तिथेच मिळतं.

मग पहिल्यांदा कोणती जोडी घ्यावी?

माझं मत सांगतो, दुसऱ्या कोणाचं वेगळं असेल. सुरुवातीला अॅमेझॉन फ्रॉगबिट आणि साल्विनिया मिनिमा घ्या. दोघांचा साइज वेगळा आहे त्यामुळे निवडून काढायला सोपं जातं, फ्रॉगबिटची गोल जाड पानं बोटाने उचलता येतात, साल्विनियाची माळ एका टोकाला धरून अख्खी बाहेर येते. दोन्ही साध्या एलईडीवर जगतात. फ्रॉगबिटची मुळं लांब लोंबतात, फूटभर सहज जातात, साल्विनिया मात्र वरवर राहतो, म्हणून टँक समोरून बघताना पण छान खोली वाटते.

दुसरी जोडी, थोडा अनुभव आल्यावर, रेड रूट फ्लोटर आणि साल्विनिया, पण यात रेड रूटला स्वतंत्र रिंग द्यायलाच लागते, रिंगचं खाली सांगितलंय.

पिस्टिया आणि रेड रूट ही जोडी मी कोणालाच सुचवत नाही. पिस्टियाला भरपूर खाणं लागतं, रेड रूटला लाल व्हायला कमी नायट्रेट (पाण्यात साठणारं नायट्रोजनचं खत) लागतं, शिवाय पिस्टियाची फुलासारखी रचना वर उठते आणि बाजूच्या चपट्या झाडावर पूर्ण सावली पाडते. तीन फुटाच्या टँकमध्ये मोठी झालेली पिस्टिया दोन-चार जरी असली तरी बाकी कोणाला लाइट मिळत नाही.

आणि पाच-सहा जाती एकदम नका आणू. कुर्ल्याच्या मार्केटमध्ये किंवा क्रॉफर्डला गेलं की हात आवरत नाही हे मान्य, पण दोनपासून सुरू करा, ती स्थिर झाली की तिसरी.

डकवीड टाकू का?

नको. म्हणजे टाकायचंच असेल तर वेगळ्या टबमध्ये टाका आणि तिथून काढून माशांना खायला घाला, गोल्डफिश आणि कोई आवडीने खातात. पण मिक्स टँकमध्ये डकवीड आलं की बाकी खेळ संपला. चांगल्या परिस्थितीत दोन-तीन दिवसात दुप्पट होतं, एकेक पान दोन-चार मिलिमीटरचं, फ्रॉगबिटच्या मुळांत, साल्विनियाच्या केसांत, फिल्टरच्या तोंडात, तुमच्या मनगटाच्या केसांत सगळीकडे अडकतं आणि एक पान राहिलं तरी पुन्हा सुरू.

बहुतेकांकडे ते विकत आणलेलं नसतंच, दुसऱ्या झाडाबरोबर येतं. म्हणून नवीन झाड आणलं की पांढऱ्या घमेल्यात किंवा बादलीत चार-पाच दिवस ठेवा, पांढऱ्यावर लगेच दिसतं. एका पानाला एकच मूळ असेल तर ते लेम्ना. खालून जांभळट आणि मुळांचा झुबका असेल तर स्पायरोडेला, हे जरा मोठं असतं आणि काढायला त्यातल्या त्यात सोपं. मूळच नसलेले बारीक हिरवे कण म्हणजे वोल्फिया, जगातलं सगळ्यात छोटं फुलझाड, थायलंडमध्ये खातात पण. टँकमध्ये वोल्फिया शिरली तर मी तरी सगळी फ्लोटर्स फेकून नव्याने सुरुवात करेन, एवढं बारीक निवडत बसायला कोणाला वेळ आहे.

दुकानदार सगळ्याच साल्विनियाला साल्विनिया म्हणतो, नक्की कोणता आहे हे कसं ओळखायचं?

पानावरचे केस बघा, मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात. केसांची टोकं वर परत जुळून बंद पिंजऱ्यासारखी झाली असतील तर साल्विनिया मोलेस्टा. टोकं मोकळी असतील तर मिनिमा किंवा नाटान्स. पानं खोलगट, कपासारखी वळलेली असतील तर कुकुलाटा. मिनिमाचं पान साधारण एक-दीड सेंटीमीटर, मोलेस्टा गर्दी झाली की पानं मोठी करून उभी दुमडतो आणि मग खालच्या कोणालाच जगू देत नाही.

मोलेस्टा आपल्याकडे बाहेर पडला तर काय होतं हे केरळने बघितलंय, तिथे त्याला आफ्रिकन पायल म्हणतात, पण मुळात तो ब्राझीलचा. त्याला बी नाही, बीजाणूही कामाचे नाहीत, नुसते तुकडे पडून पसरतो. केरळमध्ये १९८० च्या दशकात एक छोटा भुंगेरा सोडून तो आटोक्यात आणला आणि अलीकडे मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा जलाशयातही तोच भुंगेरा वापरला. टँकमध्ये ठेवायचा असेल तर ठेवा, पण एकही तुकडा बाहेरच्या पाण्यात जाणार नाही याची जबाबदारी तुमची.

जाता जाता, साल्विनियाच्या खाली जे मुळांसारखं लोंबतं ते मूळ नाही, ते बारीक चिरलेलं तिसरं पान आहे. दोन पानं वर, एक पाण्यात.

माझा रेड रूट लाल होतच नाही, हिरवाच राहतो. का?

लाइट कमी किंवा नायट्रेट जास्त, या दोनातलं एक, बऱ्याचदा दोन्ही. हे दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे आणि गंमत म्हणजे आपल्या आवळ्याच्या प्रजातीतलं, फायलॅन्थसच. जोरदार लाइट जवळून मिळाला आणि पाण्यात नायट्रेट कमी असलं की पानं गुलाबी, मग लाल होतात. मुळं मात्र साधारण परिस्थितीतही लालसर राहतात.

इथे मिक्स टँकचा एक फायदा आहे. शेजारी भुकेली साल्विनिया असली की ती नायट्रेट खाऊन टाकते आणि रेड रूट लाल व्हायला लागतो, लोक खूश होऊन फोटो काढतात, पण अजून थोडे दिवस असंच चाललं तर तोच रेड रूट उपाशी पडून पानं गाळायला लागतो. म्हणून लाल रंग दिसला की साल्विनिया थोडी काढायची आणि थोडं लिक्विड खत द्यायचं, पूर्ण शून्यावर नाही आणायचं.

दुसरी गोष्ट, रेड रूटला हलतं पाणी अजिबात सोसत नाही. पानांवर सतत थेंब पडले की ती कुजतात.

रिंग म्हणजे नक्की काय आणि घरी कशी करायची?

एअर पंपचा जो पातळ पाइप असतो तो घ्या, दोन्ही टोकं एका सरळ कनेक्टरने जोडा, झाली रिंग. आत हवा अडकली पाहिजे म्हणजे ती तरंगते, म्हणून कोरड्या पाइपला जोडा आणि कनेक्टर घट्ट बसला की नाही बघा, पाणी शिरलं तर रिंग बुडते. नवीन पाइप गुंडाळीत वाकडा झालेला असतो, गरम पाण्यात मिनिटभर धरला की मऊ होतो आणि नीट गोल बसतो. सक्शन कपने काचेला अडकवली की जागेवर राहते.

मिक्स टँकसाठी मी असं सांगेन: एक रिकामी रिंग जिथे तुम्ही खाणं टाकता, तिथे झाड नाही. एक रिंग कमजोर जातीसाठी, म्हणजे रेड रूट वगैरे, फिल्टरपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. बाकी मोकळ्या जागेत दमदार जाती. काही जण उलटं करतात, दमदार जातीला रिंगमध्ये कोंडतात, तेही चालतं पण साल्विनिया पाइपवरून उडी मारते असं वाटावं इतक्या सहज बाहेर येते, पाणी बदलताना पातळी खालीवर झाली की सगळं मिसळतंच. जाड पाइप घेतला तर जरा कमी मिसळतं.

पाणी बदलताना रिंग काचेला घट्ट चिकटलेली असेल तर ती वरच लटकते आणि खालून सगळी झाडं सटकतात, तेव्हा आधी सक्शन कप सोडा मग पाणी काढा.

हँगऑन फिल्टरचा (टँकच्या काठावर अडकवायचा फिल्टर) धबधबा सगळी झाडं बुडवतो, काय करू?

पाण्याची पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत वाढवा म्हणजे धबधबा उरत नाही, पाणी सरकत आत येतं. तरी जोर वाटला तर ओठाखाली स्पंजचा तुकडा अडकवा. कॅनिस्टर म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डबा फिल्टर असेल तर स्प्रे बार (पाणी सोडणारी भोकांची नळी) पाण्याखाली आणि काचेकडे तोंड करून. सगळ्यात सोपं म्हणजे स्पंज फिल्टर, फक्त बुडबुडे फुटून उडणारे थेंब आजूबाजूच्या पानांवर पडतात, त्या भागातही रिंग लावा. पृष्ठभाग एकदम साचलेला पण नको, हळू फिरत राहिला पाहिजे, नाहीतर तेलकट थर जमतो.

आणल्या आणल्या पानं विरघळायला लागली, मेली का?

थांबा थोडं. जागा, पाणी, लाइट बदललं की फ्रॉगबिट आणि पिस्टिया जुनी पानं टाकतात. मधला नवीन कोंब हिरवा आणि घट्ट असेल तर झाड जगणार. सडलेली पानं रोज काढत जा, पाण्यात अमोनिया वाढवतात.

जुन्या टँकमध्ये अचानक खराब व्हायला लागलं तर कोणतं पान बिघडलंय ते बघा. जुनी खालची पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुतेक नायट्रोजन किंवा पोटॅशियम कमी, जुन्या पानांना भोकं आणि कडा करपल्या असतील तर पोटॅशियमवर संशय घ्या. नवीन पानं फिक्कट पांढरट येत असतील तर आयर्न. मिक्स टँकमध्ये हे फार लवकर होतं कारण वरच्या झाडांना कार्बन डायऑक्साइड हवेतून फुकट मिळतो, त्यांची वाढ त्यावर अडत नाही, मग पाण्यातलं बाकी सगळं झपाट्याने संपवतात. मासे कमी आणि फ्लोटर्स जास्त असतील तर माशांच्या घाणीवर भागत नाही, लिक्विड खत द्यावंच लागतं. टेस्ट किटमध्ये नायट्रेट १० ते २० पीपीएमच्या आसपास ठेवलं की बहुतेक जाती खूश असतात, रेड रूट सोडून. झिंगे असतील तर खताच्या बाटलीवर कॉपर (तांबं, झिंग्यांना घातक) किती आहे ते वाचा आणि सांगितल्यापेक्षा कमी डोसने सुरू करा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जड. चालेल?

चालेल. साल्विनिया, पिस्टिया, फ्रॉगबिट कुरकुर न करता जगतात. पानांच्या कडेला आणि काचेवर पांढरा क्षार जमतो तो पुसायचा. रेड रूट मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यात जास्त खुलतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन झाडांपेक्षा माशांना आणि फिल्टरला त्रासदायक, त्यासाठी अँटिक्लोरीन नेहमीप्रमाणे.

किती भाग झाकलेला चालतो?

अर्धा. फार तर दोन तृतीयांश, तेही पाणी हलतं असेल तर. पूर्ण झाकला की हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरायला जागा राहत नाही आणि रात्री पाण्याखालची झाडं, मासे, बॅक्टेरिया सगळे आहे तोच ऑक्सिजन वापरत असतात. पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसले तर तेव्हाच्या तेव्हा निम्मी झाडं काढा आणि एअर पंप लावा.

उन्हाळ्यात तर जास्तच काळजी. २५ अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन साधारण ८ मिलिग्रॅम प्रति लिटर मावतो, ३२ अंशाला ७ च्या थोडा वर, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये घरातला टँक ३२ ला सहज जातो. त्यात वीज गेली, फिल्टर बंद, मग तर विचारूच नका. मार्च संपला की फ्लोटर्स एक तृतीयांशावर आणून ठेवा.

खालची झाडं मरतील का सावलीने?

लाइट लागणारी कार्पेट प्लांट्स (तळावर गालिच्यासारखी पसरणारी झाडं) आणि लाल स्टेम प्लांट्स मागे पडतील. अनुबियस, जावा फर्न, बुसे (बुसेफॅलँड्रा), क्रिप्टोकोरीन यांना उलट सावलीचा फायदाच होतो, अनुबियसच्या पानावरचं शेवाळ कमी होतं. आपल्याकडे पश्चिम घाटातल्या ओढ्या-नद्यांतही क्रिप्टोकोरीन निसर्गात वाढते, रेट्रोस्पायरॅलिस त्यातलीच.

कोणते मासे जमतात?

बेट्टा आणि गुरामी एक नंबर, पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतात, पण हे मासे वर येऊन हवा घेतात म्हणून त्यांना मोकळी जागा पाहिजेच. गप्पीची पिल्लं फ्रॉगबिटच्या मुळांत लपून वाचतात. झिंगे मुळांवर दिवसभर चरत बसतात. गोल्डफिश मुळं कुरतडून झाडं टक्कल करतो, त्याच्या टँकमध्ये मिक्सचा नाद सोडा.

काचेचं झाकण ठेवू की नको?

उड्या मारणारे मासे असतील तर ठेवावं लागेल, पण झाकणावरचं दव थेंब थेंब पानांवर पडतं आणि पानं कुजतात. झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे पाणी एका काचेवरून उतरेल, किंवा जाळी वापरा. पाणी आणि झाकणात चार-पाच इंच जागा पाहिजे, पिस्टियाला त्याहून जास्त.

पानांवर काळे-तपकिरी बारीक किडे दिसतायत.

मावा. खिडकीजवळच्या आणि बाल्कनीतल्या फ्लोटर्सवर हमखास येतो. फवारणी अजिबात नको, मासे मरतील. झाडं जाळीने पाण्याखाली दाबून ठेवा, किडे सुटून वर येतात, छोटे मासे टिपून खातात. दोन-तीन दिवस परत परत करा.

गोगलगायींसाठी, नवीन झाडं टँकमध्ये जाण्याआधी वेगळ्या बादलीत पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेट, खताचं पोटॅश नाही) फिकट गुलाबी पाण्यात दहाएक मिनिटं ठेवून स्वच्छ धुवायची. ब्लीच नको, या झाडांची पानं त्याने जळतात. पोटॅशने अंडी सगळी मरतील याची खात्री नाही, पानांच्या खाली चिकट जेलीचे ठिपके असतील तर नखाने काढा.

अझोला मिक्समध्ये चालतो का? शेतावर भरपूर आहे.

शेतावर गुरांसाठी वाढवतात तो फुकट मिळतो हे खरं, पण टँकमध्ये तो टिकतोच असं नाही. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून देतात, त्यामुळे नायट्रेट नसलं तरी त्याचं अडत नाही, फॉस्फरस मात्र लागतो, म्हणूनच शेतकरी वाफ्यात शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतात. घरातल्या लाइटखाली बरेचदा विरतो आणि त्याचा बारीक चुरा फिल्टरमध्ये जातो. शेताच्या वाफ्यातून आणलात तर किड्यांच्या अळ्या, ड्रॅगनफ्लायची पिल्लं सोबत येतात, ती माशांची पिल्लं खातात. बाल्कनीच्या टबात ठेवा, तिथे छान.

बाल्कनीत टब ठेवला तर डास होणार नाहीत का?

होतील, मासे नसतील तर. गप्पी सोडा, महापालिका पण डासांसाठी गप्पीच सोडते. झाडांनी टब गच्च भरला तर मात्र गप्पींना अळ्यांपर्यंत जाता येत नाही, तिथेही अर्धं मोकळं ठेवा.

जलपर्णी टँकमध्ये ठेवली तर? फूल फार सुंदर आहे.

घरातल्या एलईडीवर ती फुलणार नाही, जगणारही नाही फारशी, तिला कडक ऊन लागतं. गच्चीवरच्या टबात जमेल पण मी ठेवणार नाही. पुण्यात मुळा, पवना, इंद्रायणी, खाली उजनी, प्रत्येक उन्हाळ्यात ती काढायला मशीन लागतात हे आपण बघतोच.

दर आठवड्याला काढलेली झाडं कुठे टाकू?

कंपोस्टमध्ये किंवा कुंडीत मातीवर पसरून उन्हात वाळवा, उत्तम खत होतं. ओढा, विहीर, तलाव, गटार, कमोड यात कशातच नाही. कोणाला देणार असाल तर डकवीड तपासून द्या, शिव्या वाचतील.

दिवाळीला आठ-दहा दिवस गावी जातोय, परत येईपर्यंत काय होईल?

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या जाती मिळून पृष्ठभागाचा चौथा भागच ठेवा, दमदार जात सगळ्यात जास्त कापा आणि रिंगमधल्या कमजोर जातीला हात लावू नका. लाइट टायमरवर सहा तास. खत नको. पाणी काठोकाठ भरा कारण आटून पातळी खाली गेली की हँगऑनचा धबधबा पुन्हा सुरू होतो. शेजारच्यांना चावी दिली असेल तर मासे वर येऊन धापा टाकतायत का एवढंच बघायला सांगा, झाडं निवडायला सांगू नका, ते फ्रॉगबिट काढतील आणि डकवीड ठेवतील.